ज्याचं कुलूप, त्यानं काढावं

१

साइटवरची पहिली फेरी मी एकटी मारते. डोक्यावर हेल्मेट, हातात किल्ल्यांचा जुडगा आणि तोंड बंद. तोंड उघडायला पुढे अख्खा दिवस पडलेला असतो, आणि ते मला देवानं सढळ हातानं दिलंय हे साइटवरचा कुणीही सांगेल. एक नंबर हॉल, दोन नंबर, मग मधली गल्ली ओलांडून तीन नंबर. कुठे गळती लागली, कुठला रंगारी डबा उघडा टाकून पळाला, ते डोक्यात ठेवायचं आणि मग ऑफिसात बसून एकेकाची हजेरी घ्यायची.

जागा जुन्या कागद गिरणीची. गिरणी बंद पडून जमाना झाला. तिच्या हॉलांचे गाळे पाडून नव्या कारखानदारांना द्यायचे हे आमच्या कंपनीचं काम, आणि ते वेळेत करून घेणं हे माझं. एका गाळ्यात बाटल्यांची झाकणं होणार होती, एकात पिशव्यांची छपाई. तीन नंबरचा हॉल पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एकानं घेतला होता. त्याला आम्ही समोर शेठ म्हणायचो आणि पाठीमागे खोकेवाला.

तीन नंबरमध्ये पूर्वी हंडा होता. खोलीएवढा लोखंडी गोळा, आडव्या दांड्यावर फिरणारा. त्यात चिंध्या भरून वाफेवर शिजवायचे, गरगर फिरवायचे, की लगदा तयार. तो हंडा गॅस कटरनं कापून भंगारात गेला तेव्हा मी समोर उभी होते. खालचा खड्डा आम्ही काँक्रीटनं भरला आणि वर करडी, चकचकीत फरशी ओतली. वाकून पाहिलं तर तिच्यात स्वतःचं तोंड दिसायचं.

जुनं एवढंच राहिलं होतं. भिंतीवरची काळी लोखंडी पेटी आणि तिचा हातभर लांब खटका. हॉलची सगळी वीज त्यातूनच यायची, कारण नवं पॅनल ‘आज येतंय, उद्या येतंय’ करत कुठल्या तरी ट्रकात बसून होतं. पेटीच्या वर पत्र्याची पाटी होती. ‘ज्याचं कुलूप, त्यानं काढावं.’

यात गूढ काही नाही. हंडा आतून खरवडायला माणसं उतरायची. उतरणारा माणूस आधी खटका खाली पाडायचा, खटक्याच्या भोकात आपलं कुलूप लावायचा आणि किल्ली गळ्यात अडकवून आत जायचा. कुलूप आहे तोवर खटका वर होत नाही, म्हणजे हंडा फिरत नाही. बाहेर आल्यावर ते त्यानंच काढायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. जिथे जिथे माणसं मशीनच्या पोटात शिरतात तिथे आजही हाच नियम असतो. माझा भाऊ विजेचं काम करतो, तोही असंच करतो.

त्या सकाळी मी तीन नंबरमध्ये शिरले तेव्हा खटका खाली होता आणि त्याला कुलूप होतं.

२

माझा धाकटा भाऊ साइटवरचा इलेक्ट्रिशियन. जरा काही झालं की उडतो, म्हणून सगळे त्याला फ्यूज म्हणतात. आता आईसुद्धा तेच म्हणते. वडील गेले तेव्हा तो माझ्या कमरेला लागायचा. त्याला शाळेत घालण्यापासून या कामाला चिकटवण्यापर्यंत सगळं मी केलं, आणि दिवसातून एकदा त्याला ते ऐकवायचं कामही मीच करते.

“हे तुझे धंदे?” मी विचारलं.

त्यानं कुलूप हातात न घेता नुसतं वाकून पाहिलं. जाडजूड, काळं, जुन्या पद्धतीचं. पण गंज नव्हता, उलट ताजं तेल लावल्यासारखं चमकत होतं.

“माझं कुलूप तुला माहीत नाही का? तूच रंगवलंयस.”

ते खरं होतं. त्याचं कुलूप पिवळं, पितळी. इतरांच्यात मिसळू नये म्हणून मी माझ्या मरून नेलपॉलिशचा ठिपका त्यावर दिला होता. त्यावरून आठवडाभर त्याची टिंगलही झाली होती.

“मग कापायला लाव.”

“ताई, कुणाचं आहे ते आधी विचार.”

सगळ्यांना विचारलं. रखवालदारानं कानावर हात ठेवले. गवंडी, रंगारी, सुतार, कुणाचंच नव्हतं. मी वेल्डरला बोलावलं. त्यानं ग्राइंडर लावला, ठिणग्या उडाल्या, कुलूप खाली पडलं. मी उचललं तर कोमट लागलं. ग्राइंडरनं तापलं असणार. पण तापलं होतं सगळीकडून सारखं, कुणाच्या तरी खिशात बराच वेळ राहिल्यासारखं.

फ्यूजनं खटका वर केला. दिवे लागले. आणि पायांखाली काहीतरी घरघरलं.

फार मोठा आवाज नव्हता. जड काहीतरी सावकाश फिरायला लागावं तसा. त्या घरघरीत एक मऊ आवाज होता, प्रत्येक फेऱ्याला एकदा. धप्. मग घर्रर्र. मग धप्. ओल्या कपड्यांचं बोचकं उंचावरून पडल्यासारखा.

“पाइपात पाणी भरतंय,” मी म्हणाले.

“या हॉलला पाण्याचा पाइप नाही.”

“मग शेजारच्या हॉलचा कॉम्प्रेसर असेल. तुझं काय काम आहे, ते कर.”

तो उभाच राहिला. थोड्या वेळानं धप् थांबलं. नुसती एकसारखी घरघर राहिली, तीही नंतर कानांच्या सवयीची झाली.

“आता पडत नाही,” तो म्हणाला.

“बरं झालं की.”

“बरं कसं? आधी पडत होतं ते आता का पडत नाही?”

मी रंगाऱ्यांना हाक मारून कामाला लावलं.

३

दुसऱ्या दिवशी दुसरं कुलूप. बारीक, चौकोनी, त्याला निळ्या सुताचा दोरा बांधलेला. त्यानंतर एक चपटं. मग एक इतकं लहान की त्याच्या मालकाचे हातही नाजूक असावेत. एकही गंजलेलं नाही, आणि उचलावं ते कोमट. हॉलचं दार बाहेरून बंद असायचं आणि किल्ली माझ्या जुडग्यात. रखवालदार झोपतो म्हणावं तर मी दारावर कागदाची पट्टी चिकटवून पाहिली. ती सकाळी जशीच्या तशी होती.

मी रोज कापायला लावायचे. वेल्डर कापलेली कुलपं बादलीत टाकायचा. रोज खटका वर गेला की खालून घरघर यायची, त्यात धप् व्हायचं, आणि काही वेळानं व्हायचं थांबायचं. कामगारांनी तीन नंबरमध्ये डबा खाणं बंद केलं. मी त्यांना म्हटलं, गिरणीत उंदीर खूप आहेत, उंदरांनाही तुमच्यापेक्षा जास्त धीर आहे. कुणी हसलं नाही.

एका दुपारी फ्यूज मला हाताला धरून पेटीपाशी घेऊन गेला. हॉलमधले सगळे दिवे त्यानं घालवले होते, एक वायरही कशाला जोडलेली नव्हती. तरी पेटीवरच्या मीटरचा काटा चांगला उजवीकडे झुकलेला होता, आणि एका तालात थरथरत होता.

“एवढी वीज कोण खातंय, ताई? रिकामा हॉल?”

“मीटर बिघडलाय.”

“दोन मीटर लावून पाहिले. ही पेटीतून निघालेली जुनी केबल बघ. चरातून जाते आणि फरशीखाली शिरते. तिच्या टोकाला मोटर आहे. चालू मोटर.”

“मोटर भंगारात गेली. माझ्या डोळ्यांदेखत गेली.”

“ते मलाही माहीत आहे. म्हणून तर घाम फुटलाय.” त्यानं आवाज खाली आणला. “रोज आत कुणीतरी असतं. तो कुलूप लावून जातो, आणि आपण ते कापून खटका वर करतो.”

“भित्यापाठी ब्रह्मराक्षस!” मी मुद्दाम मोठ्यानं बोलले, म्हणजे आजूबाजूच्यांना ऐकू जावं. “मशीनच नाही तर माणूस कशाच्या आत असेल? लहानपणी मोरीत जायला ताई सोबत लागायची, ती सवय गेली नाही का रे तुझी?”

लोक हसले. फ्यूज एरवी माझ्यावर डाफरला असता. त्या दिवशी तो फक्त माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या नजरेत राग नव्हता, कीव होती, आणि म्हणूनच मला त्याचा इतका संताप आला.

खरं सांगायचं तर मीही रोज त्या फरशीवर कान लावून पाहिलं होतं. कुणी नसताना. वाकताना फरशीत माझं तोंड जवळ यायचं, आणि कान टेकायच्या क्षणी मला दर वेळी वाटायचं की खालच्या बाईनं आधी टेकवलाय.

४

उद्घाटनाच्या दिवशी आमच्या कंपनीचे मोठे साहेब येणार होते. खोकेवाल्यानं मशीनं आणून बसवली होती, माइक लावला होता, फुलांच्या माळा सोडल्या होत्या. नवं पॅनल अजून ट्रकातच होतं.

त्या सकाळी, नवल म्हणजे, पेटीला कुलूप नव्हतं.

“आज मोकळीक आहे,” फ्यूज म्हणाला. “पाहुणे यायच्या आत ती केबल तोडून टाकतो. चरात शिरतो, जिथे फरशीखाली जाते तिथेच कापतो. मग हॉलचे दिवे तेवढे राहतील आणि खालचं काय असेल ते कायमचं बंद.”

मला ते पटलं. पटलं म्हणजे, त्यानं त्याची भीती जाणार असेल तर जाऊ दे, असं वाटलं. चर म्हणजे भिंतीलगतची गुडघाभर खोल नाली, वर लोखंडी झाकणं. त्यानं खटका खाली पाडला. भोकात आपलं पिवळं कुलूप घातलं, दाबलं, ओढून बघितलं. किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात होती.

“ताई, माझं कुलूप आहे हे. साहेब येवो नाहीतर त्यांचा बाप येवो, हात लावू द्यायचा नाहीस.”

“नाही लावू देत, बाबा. जा.”

“शप्पथ?”

“तुझी शप्पथ.”

तो पालथा होऊन चरात शिरला. त्याच्या बुटांचे तळवे दिसत होते, मग तेही झाकणांखाली गेले. मी तिथेच उभी राहिले. सरपटण्याचा आवाज येत होता, पक्कड लोखंडावर आपटल्याचा, एकदा त्याच्या शिवीचा. मग मोठ्या साहेबांची गाडी वाजली. ते कधी नव्हे ते लवकर आले होते.

मी दारापर्यंत गेले. तेवढ्यापुरतीच गेले. नमस्कार केला, साहेबांना आत घेऊन आले. हॉलमध्ये अंधार बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. खोकेवाला हात चोळत मागे मागे फिरू लागला.

“वीज कुठे आहे?” साहेब म्हणाले. “की आम्ही काजवे पकडून आणायचे होते?”

“दोन मिनिटं साहेब, माझा भाऊ—”

आणि भाऊ माझ्या शेजारी उभा होता.

तो केव्हा बाहेर आला ते मला दिसलं नाही. चराला पलीकडच्या टोकालाही झाकण आहे, तिकडून आला असेल. अंगभर पांढरी धूळ, केसांत, पापण्यांवरसुद्धा.

“झालं का रे?”

त्यानं मान हलवली.

“मग काढ कुलूप.”

तो पेटीकडे बघत राहिला. मीही पाहिलं. तिथे पिवळं कुलूप नव्हतं. काळं, तेलकट, जाडजूड कुलूप लटकत होतं. पहिल्या दिवशीचं होतं तसलंच.

“हे तुझं आहे?” मी विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “ते माझं नाही.”

माझा जीव भांड्यात पडला. त्या क्षणी मला सुटल्यासारखं झालं. फ्यूज माझ्या शेजारी धडधाकट उभा, त्याचं कुलूप त्यानं काढलेलं, आणि पेटीवर नेहमीचं ते बेवारशी लोढणं. मी वेल्डरला हाक मारली. ठिणग्या उडाल्या, कुलूप माझ्या पायाशी पडलं. खटका मी माझ्या हातांनी वर केला.

दिवे लागले. माइक खरखरला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. खालून घरघर सुरू झाली.

धप्.

या वेळी ते मऊ नव्हतं. त्यात बुटाचा आवाज होता, आणि पक्कड लोखंडावर आपटल्याचा. टाळ्या अजून चालू होत्या. त्यांच्या खालून, माझ्याच पायांखालून, मी अंगाखांद्यावर वाढवलेला आवाज मला हाक मारत होता.

“ताई! कुलूप! ताई—”

मी शेजारी पाहिलं. त्याचे ओठ मिटलेले होते. मान जराशी कलती करून तो ऐकत होता, आणि हाताचं एक बोट हवेत गोल फिरवत होता. सावकाश. खालच्या फेऱ्यांच्या तालात.

पायाशी पडलेल्या कुलपावरचं तेल ठिणग्यांनी जळून गेलं होतं. खालून पितळ दिसत होतं, आणि त्यावर मरून ठिपका.

मी खटका खाली ओढला, चराकडे धावले, झाकणं उपटली. तळाशी त्याची पक्कड होती. केबल होती, न तोडलेली. आणि नालीच्या टोकाला, जिथे आम्ही ओतलेलं काँक्रीट असायला हवं होतं, तिथे ओलं, बाकदार, लोखंडी काहीतरी वर वर सरकत चाललेलं होतं, मंदावत. त्याच्या कडेला चार बोटं घट्ट रुतलेली होती. ती त्याच्याबरोबर वर गेली. मग टोकाला काँक्रीट होतं.

“भाऊ आत आहे!” मी ओरडले. “कुणी खटक्याला हात लावू नका, माझा भाऊ आत आहे!”

टाळ्या थांबल्या. मग मोठे साहेब हसले. वाईट हसले नाहीत, समजुतीनं हसले.

“अहो बाई, भाऊ तर हा काय तुमच्या मागे उभा आहे.”

सगळे हसले. वेल्डर हसला, खोकेवाला हसला. माझ्या मागे जो उभा होता तोही, सगळे हसतात म्हटल्यावर, हसला. साहेब पेटीपाशी गेले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं खटका वर केला.

मला दोघांनी धरून ठेवलं होतं. त्यामुळे सगळं ऐकावं लागलं. धप् होत राहिलं, आधी हाकेसकट, मग हाकेशिवाय. आणि भाषण संपायच्या आत थांबलं.

५

घरी तो माझ्याबरोबर आला. आणखी कुठे जाणार?

आई खूश आहे. “आमचा फ्यूज शहाणा झाला हो,” शेजारणीला सांगते. “पानात पडेल ते खातो, भांडत नाही, उलटून बोलत नाही.” मी काय सांगू तिला? ताट वाढून द्यायला तिला एक मुलगा आहे. तोही काढून घेऊ? कपडे धुवायचं मशीन लावलं की तो त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसतो. काचेतून कपडे वर जाताना आणि पडताना बघतो. संपलं की माझ्याकडे वळून म्हणतो, “पुन्हा लाव ना, ताई.”

एकदा जेवताना मी त्याला विचारलं, “तुझ्या गळ्यातली किल्ली कुठे आहे?”

त्यानं घास खाली ठेवला. प्रेमानं पाहिलं माझ्याकडे. “कुठली किल्ली?”

उद्घाटनाच्या दुसऱ्या सकाळी मी पहिल्या फेरीला गेले तेव्हा खटका खाली होता. त्याला पिवळं कुलूप होतं, अखंड, मरून ठिपक्याचं. हातात घेतलं तर कोमट. मी तिथेच खाली बसले आणि रडले, कारण कुलूप आहे म्हणजे तो आत आहे, आणि जिवंत आहे. त्यानंतर दुसऱ्या कुणाचं कुलूप आलं नाही. रोज तेच. मी फरशीला तोंड लावून त्याला हाक मारते. उत्तर येत नाही, पण कधीकधी खालून खरवडल्याचा आवाज येतो. केबल कापतोय बिचारा अजून.

मी कुणालाही त्या कुलपाला हात लावू दिला नाही. वेल्डरला मारायला धावले. नवं पॅनल आलं ते मी परत पाठवलं, कारण ते बसवायचं तर जुनी पेटी उखडावी लागणार. तीन नंबर अंधारात आहे, खोकेवाल्याची मशीनं धूळ खातायत, आणि तो मोठ्या साहेबांकडे रोज खेटे घालतोय. साहेबांनी मला विश्रांती घ्यायला सांगितलंय. कायमची. उद्यापासून माझ्या जागी नवा माणूस येतोय.

मी त्याला आज फोन केला. सगळं सांगितलं, मग नुसत्या विनवण्या केल्या. एकच कुलूप, तेवढं कापू नका, बाकी हवं ते करा. हुशार माणूस वाटला. शांतपणे ऐकून घेतलं त्यानं, कामाला वाघ असणार. मागे कुणाला तरी त्यानं ग्राइंडर गाडीत ठेवायला सांगितल्याचं मला ऐकू आलं.

“ताई,” तो मग हसत म्हणाला, “मशीनच नाही तर माणूस कशाच्या आत असेल?”